भार्गवीची पाचवी पायरी

चाळणीनं भार्गवीला पाचवी पायरी दिली, त्या दिवशी म्हादू भुवडानं चिरेखाणीवर सगळ्यांना पेढे वाटले होते. पेढे कसले, तालुक्याच्या बेकरीतले कडक गोळेच ते, पण वाटले. चिरा कापायच्या मशीनवर बसणारा माणूस, सातवीत शाळा सुटलेला. आपल्या नऊ वर्षांच्या पोरीला पाच मिळाले आणि शेजारच्या सुर्व्यांच्या पोराला दोन, एवढंच त्याला कळलं.

"म्हाद्या, पाच कसले रे? मार्कं?" मुकादम बाळू आग्रेनं पेढा गालात धरून विचारलं.

"मार्कंच समज. छातीची."

"मग पोरगी आयशीवर गेली म्हणायची," बाळू म्हणाला, आणि खाण हसली.

ही चाळणी काय, ते आधी सांगितलं पाहिजे. वाडीतली शाळा पोरं कमी म्हणून बंद पडून चार वर्षं झाली होती. पोरं घरातच टॅबसमोर बसायची, मास्तर टॅबमधून शिकवायचे. दोन धड्यांच्या मध्ये बारा मिनिटांची सुटी. सुटीत पोरं व्हिडिओ बघायची, त्यातही गेममधले प्रँक जास्त. कुणीतरी दुसऱ्याच्या गेममध्ये शिरतो, त्याची फजिती करतो, तो किंचाळतो, बघणारे लोळतात. काही निव्वळ गंमत असायची, काही भलतंच. कुठला आपल्या पोराला दाखवायचा आणि कुठला नाही, हे आईबापानं ठरवायचं कसं? पूर्वी व्हिडिओवर वयाचा शिक्का असायचा. पण सात वर्षांची सगळी पोरं काय एका मापाची असतात? एक भूत बघून खदखदतं, दुसरं आठ दिवस एकटं परसात जात नाही.

म्हणून चाळणी निघाली. ती व्हिडिओला शिक्का मारत नव्हती, ती पोराला मोजायची. पोराला टॅबसमोर बसवायचं, वीस मिनिटांत व्हिडिओंचे चाळीस तुकडे दाखवायचे. टॅबच्या डोक्यावरचं भिंग तेवढ्या वेळात तीन गोष्टी बघायचं. डोळ्यातली बाहुली किती मोठी होते, ही एक. गालाचा रंग किती हलतो, ही दुसरी. काळजाच्या ठोक्यागणिक चेहऱ्यात रक्त चढतं-उतरतं, ते आपल्याला दिसत नाही, भिंगाला दिसतं, आणि नाडी कळते. तिसरं म्हणजे तोंड कुठं ओढलं जातं. या तिन्हींवरून चाळणी त्या पोराची एक पडछाया बनवायची, नुसत्या आकड्यांची. नवा व्हिडिओ आला की तो आधी त्या पडछायेला हजार वेळा दाखवायचा. पडछाया घाबरली तर लाल, बावरली तर पिवळा, रमली तर हिरवा. आईबापानं फक्त रंग बघायचा. आणि पडछाया जेवढं जास्त सोसेल तेवढी पायरी वर, एकपासून सहापर्यंत.

उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही, चाळणी चालायची. सुर्व्यांचा पोर व्हिडिओ बघून बघून अडखळत बोलायला लागला होता. चाळणीनं त्याला दुसऱ्या पायरीवर ठेवलं आणि दोन महिन्यांत त्याची जीभ मोकळी झाली. सुर्वीण तर टॅबला हळदकुंकू लावायची बाकी होती.

पेढे वाटून महिना झाला नसेल. एका सकाळी म्हादू दात घासत अंगणात उभा होता, तर सुगंधा, त्याची बायको, दोरीवर गोधडी घालत होती.

"काल तर धुतलीस ना ही?"

"काल दुसरी होती." सुगंधानं आवाज खाली आणला. "चौथी वेळ हाय या आठवड्यात. नऊ वर्षांची झाली अवो ती. तीन वर्षांची असताना सुटलं होतं."

"पाणी जास्त पीत असंल."

"पाणी! जेवत नाय धड. ताटाखाली मांजरीला टाकते. त्या टॅबात काय बघते ते तुमी एकदा बसून बघा. मला बघवत नाय."

"हिरवं येतंय ना?"

"हिरवंच येतंय."

"मग झालं तर."

पण झालं नव्हतं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हादू पोरीच्या मागे जाऊन बसला. सुटी लागली होती.

भार्गवी एक गेम खेळायची. त्यात प्रत्येक पोराला समुद्रात एक बेट मिळतं आणि त्यावर आपलं घर उभं करायचं असतं. तिनं लाल चिऱ्यांचं घर बांधलं होतं, बापाच्या खाणीतल्यासारखंच. पुढं विहीर, विहिरीला रहाट, आणि कौलांवर भोपळ्याचा वेल. महिनाभर खपली होती.

"हे सगळं तू केलंस गो?"

"मग! मी आणि झप्पूनं."

झप्पू हा त्या गेममधला प्रँकवाला. म्हणजे माणूस नव्हेच तो. एकाच वेळी लाख पोरांच्या बेटावर लाख झप्पू हजर असायचे. खालच्या पायऱ्यांवरची पोरं दुसऱ्यांची फजिती नुसती बघतात. पाचव्या पायरीवर झप्पू बघणाऱ्याच्याच बेटावर येतो. दोस्ती करतो, आठवडाभर दगड वाहून देतो, तुझ्या आईचं नाव काय, तुला कशाची भीती वाटते, सगळं गोड बोलून विचारून घेतो. आणि मग एक दिवस सगळं फोडतो. त्याचा व्हिडिओ बनतो आणि त्या पायरीच्या गटातली बाकीची पोरं बघतात.

त्या दुपारी तोच दिवस होता. झप्पू टोपी सावरत आला. "भारू, एक मजा दाखवू?" म्हणाला. रहाट उलटा फिरला. विहिरीतून काळं पाणी वर आलं, अंगणभर पसरलं, भिंती विरघळायला लागल्या. आणि आतून हाक आली, "भारू, मला काढ गो!" आवाज हुबेहूब सुगंधाचा. घर आडवं झालं. झप्पू पोट धरून नाचायला लागला.

भार्गवी हसली. हनुवटी वर, दात दिसेपर्यंत, खणखणीत. पडदा बदलला आणि गणिताची बाई आली, तसं तिचं हसू बटण दाबल्यासारखं बंद झालं.

म्हादूच्या हातातली भाकरी हातातच राहिली. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं.

शिमग्याला वाडीत खेळे निघतात, त्यात संकासूर नाचवायचा मान भुवडांच्या घराचा. काळा झगा, काळा मुखवटा, पांढरी लांब दाढी, कमरेला घुंगरं, हातात वेत. वाडीतली पोरं त्याला बघून माडीवर पळतात. पण भुवडांच्या पोरांनी पळायचं नाही, अशी घरची रीत. संकासुराच्या पोरानंच पळ काढला तर लोक काय म्हणतील! म्हणून पोर तीन वर्षांचं झालं की त्याला अंगणात उभं करायचं आणि संकासुरानं त्याच्यासमोर घुंगरं वाजवत यायचं. पोरानं हसायचं. हसलं की संकासूर माघारी फिरतो. रडलं तर फिरत नाही, तिथंच नाचतो, पोर हसेपर्यंत. म्हादू त्याच्या बापासमोर असाच शिकला होता, आणि भार्गवीला त्यानं स्वतः शिकवलं होतं. पहिल्या वर्षी पोर थरथरत होती, तरी हनुवटी वर करून हसली. मुखवट्याच्या दोन भोकांतून त्यानं ते हसू एका हातावरून बघितलं होतं. केवढा अभिमान वाटला होता त्याला!

तेच हसू आत्ता बघितलं.

सुगंधाला सांगितलं तर ती तिथंच पायरीवर बसली. "मी बोलले होते तुमाला. लेकरू भ्यालं तर भिऊ दे, म्हटलं होतं. तुमाला तुमचं सोंग मोठं."



संध्याकाळी त्यानं टॅबवरचं पालकांचं 'हे नको' बटण दाबलं. टॅबनं कारण विचारलं. टॅबशी बोलायची त्याला लाज वाटायची, तरी घसा साफ करून बोलला, "पोरगी घाबरते हो माझी."

टॅब गोड आवाजात म्हणाला, "आपली काळजी आम्हाला समजते. भार्गवीला हे व्हिडिओ मनापासून आवडतात, असं तिच्या मोजणीत दिसतं. हसण्याचं प्रमाण शंभरात अठ्ठ्याण्णव."

"अरे, ते हसू नव्हे रे!"

"आपली काळजी आम्हाला समजते," टॅब पुन्हा म्हणाला.

त्यानं टॅबच बंद करून कपाटावर टाकला. दोन दिवस गैरहजेरीचे निरोप आले. सुटीत पोर काय बघतं त्यावरूनच पुढचा धडा ठरायचा, त्यामुळे तिसऱ्या दिवशी पुढचे धडेच बंद झाले. आणि पोर हातपाय आपटून रडली. वाडीत तिच्या वयाचं दुसरं होतं कोण? तिच्या चारही मैत्रिणी त्या गटात, चार गावांच्या. "मी नाय दिसले तर मला काढतील रे बाबा! पाचव्या पायरीत कुणी असं जात नाय!" चौथ्या दिवशी टॅब कपाटावरून खाली आला. त्याच संध्याकाळी पोरीनं बेटावर नवं घर घालायला घेतलं, पहिल्यासारखंच. दगड वाहायला झप्पूच होता.

पुढच्या आठवड्यात म्हादूनं खाडा केला आणि पोरीला घेऊन तालुक्याला निघाला. तिथं पालकांसाठी चाळणीचं केंद्र होतं, फेरमोजणी व्हायची. वडापच्या जीपमध्ये दोघं मागच्या बाकावर बसली होती. म्हादू तिच्या कानाशी वाकला.

"भारू, आज काय झालं तरी हसायचं नाय. भीती वाटली तर घाबरायचं. रडलीस तरी चालंल."

भार्गवीनं वर बघितलं. "मग तो जाणार कसा?"

"कोण?"

"समोरचा."

म्हादूनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

केंद्रात रसिका पेंडसे म्हणून मॅडम होत्या, पंचविशीतल्या, बोलायला चांगल्या. त्यांनी म्हादूचं सगळं ऐकून घेतलं. संकासुराचं सांगताना तो उभा राहिला, हनुवटी वर करून दाखवली, घुंगरांचा आवाजसुद्धा तोंडानं काढला. बाकीचे पालक बघत राहिले.

मॅडम हसल्या नाहीत. "दादा, तुम्ही म्हणता ते खरं असणार. अडचण कुठं आहे ते सांगते. भीती वाटली काय आणि मजा वाटली काय, शरीर सारखंच तापतं. नाडी पळते, बाहुली मोठी होते. आकाशपाळण्यात बसलेला आणि वाघापुढं उभा राहिलेला, नुसत्या नाडीवरून ओळखू येत नाहीत."

"मग वळखता कशावरनं?"

"तोंडावरून. तोंड आक्रसलं तर भीती, हसलं तर मजा. लाखो मुलांवरून शिकलीय ती. शंभरातल्या सत्त्याण्णवांत बरोबर येतं."

"आणि तीन?"

मॅडमनी पडद्याकडे बघितलं. "तिघांसाठी फेरमोजणी."

भार्गवीला काचेपलीकडच्या खोलीत बसवलं. म्हादू अलीकडून बघत होता. पोरीनं ओठ असे आवळले होते की पांढरे पडले. दहा तुकडे झाले, वीस झाले. मध्येच ती बापाकडे बघायची, 'बघ, नाय हसले' अशी, आणि म्हादू मान हलवायचा. एकतिसाव्या तुकड्याला काय आलं कोण जाणे. तिची हनुवटी वर गेली आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. काचेतून ऐकू येईल इतकी मोठ्यानं हसली. हसताना दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली होती. भिंगाला हात दिसत नव्हते.

मॅडमनी निकाल दोनदा वाचला, मग म्हादूला सांगितला. "मूल आनंद दाबून ठेवतंय, असं आलंय. कारण, घरचा दबाव. आणि दादा, तुमचं 'हे नको'चं बटण सहा महिने बंद झालंय."

"माझं? बापाचं?"

"असे आईबापही असतात दादा. पोरांना हसूच देत नाहीत, धाकात ठेवतात. त्यांच्यासाठी केलेला नियम आहे."

"मॅडम, तुमी डोळ्यांनी बघितलंत ना? खुर्ची कशी धरली होती? मग लिवा की तसं!"

"लिहायला रकाना नाही दादा. माझ्या हातात काही असतं तर..." त्या खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "एक रस्ता आहे. तुमची मोजणी करू. मुलं बऱ्याचदा आईबापावर जातात, म्हणून चाळणी दोन्ही जुळवून बघते. तुमची आणि तिची मोजणी फार वेगळी आली तर प्रकरण पुण्याला डॉक्टरांकडे जातं. तिथं माणसं बघतात. माणसं, खरीखुरी."

म्हादू लगेच खोलीत जाऊन बसला. त्याला काही अवघड वाटलं नाही. घरात बघितलं तेव्हा घास खाली गेला नव्हता, तसंच होईल. भार्गवी आता काचेअलीकडे होती, मॅडमच्या शेजारी.

पहिले तुकडे आले आणि गेले. मग झप्पू आला. कुणा दुसऱ्याच बेटावर, एका दांडग्या दाढीवाल्या गड्याच्या मागे. तो गडी ऐटीत आपला किल्ला लोकांना दाखवत होता. झप्पू खांबाआड उभा राहिला. उडी मारायची वेळ आली, तरी मारली नाही. गडी वळला, झप्पू तसाच. गडी पुन्हा बोलायला लागला, निवांत झाला, आणि त्यानं श्वास सोडला त्याच घडीला झप्पू बाहेर आला.

म्हादू वीस वर्षं तेच करत आला होता. तुळशीआड उभं राहायचं, पावलं ऐकायची, भित्र्याला लगेच गाठायचं नाही, शूराचा श्वास सुटू द्यायचा. हे वाडीत त्याच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. बाळू आग्रेनं एकदा सोंग घेतलं तर आधीच उडी मारून चिखलात पडला होता. आणि हा आकड्यांचा झप्पू, त्यानं अगदी बरोबर वेळ साधली. तो दांडगा गडी पडताना "आई गं!" असं काही ओरडला की म्हादूला आवरेना. पोटातून हसू आलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. हसता हसताच काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं, पण निघालेलं हसू परत आत घेता येत नाही. त्यानं काचेकडे बघितलं. भार्गवी त्याच्याकडेच बघत होती.

"एक्याण्णव टक्के जुळतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "मुलगी वडिलांवर गेलीय, असं आलंय. पुण्याला नाही जाणार आता."

"मॅडम, पुन्यांदा घ्या. आता नाय हसणार."

"एकदाच घेता येते दादा."

परतीच्या वडापात दोघं पुन्हा मागच्या बाकावर बसली. वाडीचा फाटा आला तेव्हा भार्गवी म्हणाली, "बाबा, तुला आवडतो होय झप्पू?"

"नाय गो."

"हसलास की."

खरं हसू आणि ते हसू यातला फरक नऊ वर्षांच्या पोरीला कसा समजवायचा? तिला तर त्यानंच दोन्ही एक करून दिली होती.

"पुढच्या शिमग्याला मी सोंग घेणार नाय," तो म्हणाला.

"कोण घेल मग?"

"कुणी का घेईना."

"चालंल," भार्गवी म्हणाली. जणू तिला त्याचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हादू खाणीवर गेलाच नाही. बाळू आग्रेचा फोन आला, "पोरीला सहावी मिळाली काय रे? पेढे कधी?" त्यानं फोन ठेवून दिला. सुटी लागायच्या आधी तो जाऊन भार्गवीच्या शेजारी बसला. मशीन धरून धरून त्याच्या तळहाताला घट्टे पडलेले, त्यांना गरम-गार कळत नसे. म्हणून त्यानं हाताची मागची बाजू तिच्या हाताला लावून बघितली. पोरीचा हात विहिरीतल्या कळशीसारखा गार होता, आणि ओला.

"उठतेस का गो? समुद्रावर जाऊ."

"गट बघतोय बाबा. आज माझी पाळी हाय." ती पडद्यावरून नजर काढत नव्हती. पडद्यावर चिऱ्यांचं घर नवीन उभं होतं. लांबून टोपी सावरत झप्पू येत होता, हळूहळू, कसलीही घाई नसल्यासारखा. किती वेळ थांबेल, ते म्हादूला आधीच कळत होतं. पोरीचा श्वास सुटेपर्यंत थांबणार होता.

"भारू, भीती वाटते ना?"

तिनं मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही. मग ती त्याच्या अंगाला टेकली आणि टॅबला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "तू पण हस ना बाबा. दोघं हसलो तर लवकर जाईल."

म्हादूनं टॅबच्या डोक्यावरच्या भिंगाकडे बघितलं, मग पोरीकडे. हसला तर भिंग दोघांचं हसू लिहून घेणार, आणि पोर आणखी वरच्या पायरीवर जाणार. नाही हसला तर पोर या घडीला त्याच्यासमोर एकटी.

झप्पूनं रहाटाला हात घातला. भार्गवीनं हनुवटी वर केली.

म्हादूनं तिचा गार हात दोन्ही हातांत धरला आणि तिच्याबरोबर मोठ्यानं हसायला लागला.